केस नवे की तुटलेले? भिंग, घरगुती डिजिटल मायक्रोस्कोप आणि सलूनमधली ‘मोफत स्काल्प तपासणी’ यांचा आढावा

भांग पाडला की त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे आखूड केस बहुतेक सगळ्यांच्या ओळखीचे असतात. तेल लावलं तरी ते बसत नाहीत आणि पावसाळ्यात जास्तच उठतात. हे केस मुळातून नव्याने उगवलेत की लांब केस मधेच तुटून उरलेत, यावर पुढचं सगळं ठरतं. नवे असतील तर वाट पाहायची, दुसरं काही नाही. तुटलेले असतील तर फणी, टॉवेल, स्ट्रेटनर आणि रंग यांचा हिशेब घ्यायचा. तिसरी शक्यता अशी की मूळच बारीक होत चाललंय, म्हणून उगवणारा प्रत्येक केस आधीच्यापेक्षा पातळ आणि आखूड येतोय. तसं असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. साध्या डोळ्यांना तिन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून तुटक्या केसांवर केस उगवण्याचं सीरम लावलं जातं आणि पातळ होणाऱ्या केसांवर हेअर स्पा.

हा फरक दाखवून देतो असं म्हणणाऱ्या चार गोष्टी आज सहज मिळतात: जवाहिऱ्याचं १० पट भिंग, फोनच्या कॅमेऱ्यावर लावायची क्लिपवाली भिंगं, यूएसबी किंवा वायफायचा हातात धरायचा डिजिटल मायक्रोस्कोप, आणि सलून किंवा हेअर क्लिनिकमधली मोफत तपासणी. निकाल आधीच सांगून टाकतो. घरात दुसरं माणूस मदतीला असेल तर १० पट भिंग आणि एक पांढरं-काळं कार्ड पुरतं. एकट्याने पाहायचं असेल किंवा फोटो साठवून दोन-तीन महिन्यांनी तुलना करायची असेल तर यूएसबी मायक्रोस्कोप घ्यावा. वायफायवाला फक्त आयफोन असणाऱ्यांनी, नाइलाज म्हणून. सलूनच्या तपासणीतून फोटो घ्यावेत, निष्कर्ष घेऊ नयेत. आणि खोक्यावर ‘१०००एक्स’ लिहिलंय म्हणून कुठलंही यंत्र घेऊ नये. या कामाला ५० पट भरपूर होतं.

पाहायचं ते टोक

केसाच्या मुळाकडे पाहून नवा-जुना कळत नाही, कारण तुटलेल्या केसाचंही मूळ शाबूतच असतं. फरक टोकाला असतो. मुळातून पहिल्यांदा बाहेर आलेल्या केसाचं टोक निमुळतं होत जातं, शेवटी इतकं बारीक होतं की ते नेमकं कुठे संपलं ते पटकन दिसत नाही. हे टोक कात्री लागेपर्यंत किंवा झिजेपर्यंत तसंच राहतं. एकदा कापलं गेलं की त्या केसाला ते परत कधीच येत नाही.

कापलेल्या केसाचं टोक पूर्ण जाडीचं आणि सपाट असतं. काही महिन्यांच्या घासण्याने त्याच्या कडा गोलसर होतात, पण जाडी कमी होत नाही. जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट आले असं वाटतं, त्याचं कारण इथेच आहे. मुळं तेवढीच असतात, पण निमुळती टोकं वस्तऱ्याने गेलेली असतात आणि हाताला लागतात ती जाड, बोथट टोकं.

तुटलेल्या केसाचं टोक यांपैकी कशासारखंच नसतं. ते वाकडंतिकडं असतं, एका बाजूला लांब आणि दुसऱ्या बाजूला आखूड, बहुतेक वेळा तंतू सुटलेलं. दुतोंडी केस हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. दुसरा प्रकार कमी माहीत आहे, पण खूप आढळतो. केसाच्या मधेच एक पांढरट ठिपका दिसतो. लोक त्याला कोंडा किंवा लिखा समजतात. भिंगाखाली तिथे दोन कुंचले एकमेकांत खुपसल्यासारखं दिसतं. तिथलं वरचं आवरण निघून गेलेलं असतं, आतले तंतू मोकळे झालेले असतात आणि पुढच्या एखाद्या विंचरण्यात केस तिथेच तुटणार असतो. असे ठिपके आखूड केसांच्या शेजारच्या लांब केसांवर सापडले तर आखूड केस तुटूनच झालेत, असं जवळजवळ खात्रीने म्हणता येतं. कोंड्याची पापडी बोटाने झटकली की उडते, लीख घट्ट चिकटून राहते आणि एका बाजूला फुगीर दिसते, हा ठिपका मात्र केसाचाच भाग असतो.

भिंगाशिवायही दोन पुरावे मिळतात आणि यंत्र घेण्याआधी ते तपासावेत.

पहिला पुरावा रंगाचा. केसांना मेंदी, रंग किंवा स्मूदनिंग करून समजा तीन महिने झालेत. डोक्याचे केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात. म्हणजे त्यानंतर उगवलेला केस ३ सेंटीमीटरपेक्षा लांब नसणार आणि मुळापासून टोकापर्यंत बिनरंगी असणार. ८ सेंटीमीटरचा आखूड केस मुळाशी ३ सेंटीमीटर बिनरंगी आणि पुढे रंगलेला दिसला, तर रंग लावला तेव्हा तो डोक्यावर होता एवढं नक्की. त्याचं टोक पूर्ण जाडीचं आणि फाटकं असेल तर निकाल लागला. पांढऱ्या केसांवर ही खूण इतकी स्पष्ट दिसते की यंत्राची गरजच पडत नाही. काळ्या केसांवरची काळी मेंदी मात्र सावलीत कळत नाही, दुपारच्या उन्हात पाहावी.

दुसरा पुरावा लांबीचा. एकदम गळून पुन्हा आलेले केस साधारण एकाच लांबीचे असतात, कारण ते एकाच सुमाराला निघालेले असतात. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात आणि त्याच सुमाराला नवे वर येऊ लागतात. ऑगस्टमध्ये डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल तर गळती दिवाळीच्या आसपास दिसते आणि फेब्रुवारीत कपाळाच्या कडेला ३-४ सेंटीमीटरची एकसारखी झालर उभी असते. ती नवी. तुटलेले केस २ पासून १५ सेंटीमीटरपर्यंत कुठल्याही लांबीचे असतात आणि त्यांची जागा सवयीनुसार ठरते. पोनीचं रबर जिथे बसतं तिथे, प्लास्टिकचं टोक निघून गेलेल्या काळ्या पिना जिथे खोचल्या जातात तिथे, स्ट्रेटनर सगळ्यात जास्त फिरतो त्या वरच्या थरात. गाडीवर रोज स्कार्फ आवळून बांधणाऱ्यांचे कानशिलाजवळचे केस घासून तुटतात, आणि तिथलीच झालर पुष्कळदा ‘बेबी हेअर’ म्हणून कौतुकाने दाखवली जाते.

याच हिशेबाने जाहिरातीही तपासता येतात. पंधरा दिवसांत केस जेमतेम अर्धा सेंटीमीटर वाढतो. पंधरा दिवसांच्या वापरानंतर म्हणून दाखवलेल्या फोटोत ५ सेंटीमीटरचे ‘नवे केस’ असतील, तर ते निदान पाच महिन्यांपूर्वी उगवलेले तरी आहेत किंवा तुटलेले तरी.

१० पट भिंग आणि दुरंगी कार्ड

घड्याळजी आणि सराफ वापरतात ते घडीचं भिंग दोन-तीनशे रुपयांत मिळतं. काच साधारण २ सेंटीमीटर व्यासाची असावी, त्याहून लहान असली तर केस शोधण्यातच वेळ जातो. ‘३० पट’, ‘४० पट’ लिहिलेली स्वस्त भिंगं टाळावीत. त्यांच्या कडेला रंगीत झालर दिसते आणि नेमकं टोकच धूसर होतं. १० पट भिंग वस्तूपासून अडीच सेंटीमीटरवर आणि डोळ्याच्या अगदी जवळ धरायचं असतं. लोक ते वर्तमानपत्र वाचायच्या भिंगासारखं लांब धरतात आणि काही दिसत नाही म्हणून परत करतात. इचलकरंजी-भिवंडीकडे कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग घरात असेल तर तेही चालतं. त्याची ताकद कमी असते, पण ते टेकवून ठेवता येत असल्यामुळे हात हलत नाही.

कार्डाशिवाय या भिंगाचा उपयोग निम्म्यावर येतो. जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या एका बाजूला पांढरा आणि दुसऱ्या बाजूला काळा कागद चिकटवा. शेपटीच्या कंगव्याने सरळ भांग पाडा, कार्डाची लांब कड भांगाला टेकवा आणि एका बाजूचे केस कार्डावर पसरू द्या. लांब केस कार्ड ओलांडून जातात, आखूड केसांची टोकं कार्डावरच संपतात. काळ्या केसांसाठी पांढरी बाजू, पांढऱ्या आणि लालसर मेंदीच्या केसांसाठी काळी. केसतज्ज्ञ दवाखान्यात अशीच कार्डं वापरतात. आमच्या मते या सगळ्या सामानात सर्वांत उपयोगी वस्तू हीच आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

एकट्याने करायचं असेल तर आखूड केसांपैकी आठ-दहा केस नखं कापायच्या छोट्या कात्रीने टाळूलगत कापा. उपटू नका. कापल्याबरोबर ते कापलेलं टोक पांढऱ्या कागदाच्या डाव्या कडेला सेलोटेपने चिकटवा, मगच पुढचा केस कापा. हा क्रम सोडला की कात्रीने केलेलं सपाट टोक आणि केसाचं मूळचं टोक यांची अदलाबदल होते, आणि सगळे केस ‘कापलेले’ दिसतात. केस भांगाशी, कपाळाच्या कडेला, भोवऱ्यावर आणि मानेच्या वर अशा चार ठिकाणचे घ्या आणि प्रत्येकासमोर जागा लिहा.

कंगव्यात आलेले केसही तपासण्याजोगे असतात. एका टोकाला छोटी पांढरी गाठ असेल तर तो केस मुळासकट, आपलं आयुष्य संपवून गळालाय. दिवसाला ५० ते १०० असे केस जाणं नेहमीचंच. दोन्ही टोकांना गाठ नसेल तर तो तुटलेला तुकडा आहे. कंगव्यात असे तुकडे जास्त आणि गाठवाले कमी असतील तर केसगळतीचं औषध शोधण्यात अर्थ नाही.

फोनवर लावायची क्लिप

यावर फार लिहिण्यासारखं नाही. ६० ते १०० पट म्हणून विकली जाणारी, छोटा दिवा असलेली भिंगं कागदावर चिकटवलेल्या केसासाठी चांगली आहेत. टाळूवर ती कामाची नाहीत, कारण भिंग अगदी टेकवावं लागतं आणि फोनचा कॅमेरा स्वतःच फोकस बदलत राहतो. दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फोनवर आणखी एक घोळ होतो. भिंग एका कॅमेऱ्यावर बसवलेलं असतं आणि झूम केलं की फोन दुसऱ्याच कॅमेऱ्यावर उडी मारतो. कॅमेरा ॲपमध्ये ‘प्रो’ पर्याय असेल तर एकच कॅमेरा आणि हाताने फोकस ठरवून ठेवा.

यूएसबी डिजिटल मायक्रोस्कोप

जाड पेनासारखी नळी, पुढे आठ एलईडी, मधे फोकसचं चाक, वायरवर दिव्याचा उजेड कमी-जास्त करायची कळ. हजार ते दोन-अडीच हजार रुपयांच्या दरम्यान निरनिराळ्या नावांनी हेच यंत्र विकलं जातं. त्यावरचा ‘१०००एक्स’ हा आकडा पडद्यावर ताणून मोठ्या केलेल्या चित्राचा असतो, त्याला फसू नका. पाहायच्या गोष्टी दोन: एका वेळी किती मिलिमीटर जागा दिसते, आणि ती किती खऱ्या पिक्सेलमध्ये येते.

हे घरीच मोजता येतं. शाळेतली प्लास्टिकची पट्टी नळीखाली धरा. नळी टेकवून चाक फिरवलं की दोन ठिकाणी चित्र स्पष्ट होतं. एका ठिकाणी साधारण ८ ते १० मिलिमीटर रुंदी दिसते, दुसऱ्या ठिकाणी दीडेक मिलिमीटर. बहुतेकांना दुसरी जागा सापडतच नाही, कारण चाक जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावं लागतं. आता हिशेब करा. डोक्यावरचा जाड केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. लव ३० मायक्रॉनहून बारीक. यंत्रातला सेन्सर ६४० बाय ४८० चा असेल तर ९ मिलिमीटरच्या चित्रात एक पिक्सेल १४ मायक्रॉनचा पडतो. जाड केस पाच पिक्सेलचा, लव दोनाची. एवढ्यात टोक निमुळतं की तुटकं ते कळणार नाही. दीड मिलिमीटरच्या चित्रात तोच जाड केस ३० पिक्सेलचा होतो आणि टोक स्वच्छ दिसतं. सेन्सर खरा १९२० बाय १०८० चा असेल तर रुंद चित्रातही तो १५ पिक्सेलचा येतो आणि काम भराभर होतं. म्हणून पैसे टाकायचे तर सेन्सरवर.

यातली लबाडी अशी की पुष्कळ यंत्रं ६४० बाय ४८० चं चित्र ताणून मोठ्या आकड्यात साठवतात. पट्टीवरच्या रेघेचा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर मोठा करून पाहा. रेघेची कड पायऱ्यापायऱ्यांची किंवा पसरट मऊ दिसली तर चित्र ताणलेलं आहे.

वापरताना केस धुऊन पूर्ण वाळलेले असावेत. तेलाचा थर दिवे परावर्तित करतो आणि आखूड केस लांब केसांना चिकटून लपतात. भांगातलं कुंकू नीट पुसा. त्याचे कण मोठे करून पाहिले की टाळू लाल झाल्यासारखी वाटते. टक्कल झाकायची काळी पूड वापरत असाल तर तीही पूर्ण जायला हवी, तिचे कण हुबेहूब तुटक्या खुंटांसारखे दिसतात. नळीची पुढची टोपी स्पिरिटने पुसून, वाळवून मगच टाळूला लावा, आणि खरूज, पू किंवा जखम असेल तिथे लावूच नका.

आधी रुंद चित्र ठेवून, दुरंगी कार्ड भांगाशी धरून आखूड केस शोधा. एखादा सापडला की त्याच्या टोकाशी या, नळी कार्डावर टेकवा आणि चाक दुसऱ्या फोकसकडे न्या. दिवे मध्यमपेक्षा कमी ठेवा. पूर्ण उजेडात बारीक टोक पांढरं होऊन नाहीसं होतं आणि केस जिथे जाड आहे तिथेच संपल्यासारखा वाटतो, म्हणजे नवा केस तुटका दिसतो.

याच्या उलट चूक त्याहून जास्त होते. जास्त मोठ्या चित्रात फोकसची खोली फार थोडी असते. केसाचं टोक कार्डावरून जरा वर उचललेलं असलं तरी ते धूसर होत जातं आणि धूसर होत जाणारं टोक निमुळत्यासारखं दिसतं. तुटका केस नवा वाटतो आणि माणूस खूश होतो. यावर उपाय म्हणजे पारदर्शक टेपने टोक कार्डावर सपाट दाबणं आणि चाक दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवून पाहणं. खरं निमुळतं टोक फोकसमध्ये असताना कडा धारदार ठेवूनच बारीक होतं. खोटं टोक कुठेतरी अचानक जाड होऊन प्रकटतं.

फोटो काढायचं बटण नळीवरच असतं आणि ते दाबताना हात हलतो. कॉम्प्युटरवरच्या कॅमेरा ॲपमधून, माऊसने फोटो काढा. विंडोजमध्ये वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, बहुतेक यंत्रं साध्या वेबकॅमसारखी ओळखली जातात. सोबत येणारी सीडी किंवा अनोळखी ॲप बसवण्याची गरज नाही. अँड्रॉइड फोनला ओटीजी, म्हणजे यूएसबी यंत्र फोनला जोडायचा छोटा जोड, लागतो. वायफायवाला प्रकार स्वतःचं नेटवर्क तयार करतो, फोन त्याला जोडावा लागतो आणि चित्र हालचालीच्या मागे पडतं. टाळूवर केस शोधताना हा उशीर फार जाच करतो, बॅटरीही लवकर उतरते.

तुलनेसाठी जागा तीच असायला हवी. दोन भुवयांच्या मधून शिंप्याचा टेप डोक्यावरून मागे न्या आणि अंतर लिहून ठेवा: भांगासाठी समजा १२ सेंटीमीटर, भोवऱ्यासाठी २४. टाळूवर तीळ असेल तर तो उत्तम खूण. उजेडाची कळ, चाकाची जागा आणि तारीख फोटोच्या नावातच लिहा. मानेच्या वरच्या केसांचा एक फोटो दर वेळी हवाच. आनुवंशिक टक्कल पडतं तेव्हाही मागचा भाग बहुधा शाबूत राहतो, त्यामुळे तो तुमच्या स्वतःच्या जाड केसाचा मापदंड ठरतो.

जाडी मायक्रॉनमध्ये मोजून देण्याचा या यंत्रांचा दावा गंभीरपणे घेऊ नका. धूसर कडेमुळे ५-१० मायक्रॉन इकडे-तिकडे सहज होतात. दोन केस एकाच चित्रात शेजारी ठेवून कोणता निम्म्याने बारीक आहे, एवढं मात्र विश्वासाने सांगता येतं.

जिथे भिंग गप्प बसतं

निमुळतं टोक दिसलं म्हणजे केस उगवतोय एवढंच कळलं. तो जोमाने उगवतोय की खंगत चाललाय, ते टोक सांगत नाही. आनुवंशिक कारणाने पातळ होणारे केसही निमुळत्या टोकाचेच असतात. जोमाचा नवा केस टोकाशी बारीक, पण मुळाशी शेजारच्या लांब केसाच्या जाडीचा आणि तितकाच काळा असतो आणि सरळ उभा राहतो. खंगलेला केस मुळापासूनच बारीक, फिकट आणि लोळणारा. भांगाशी एकाच चित्रात जाड, मध्यम आणि बारीक केसांची सरमिसळ असेल, एका छिद्रातून दोन-तीन केसांऐवजी एकेकच निघत असेल आणि मागच्या भागात मात्र सगळे एकसारखे जाड असतील, तर तो नव्या वाढीचा आनंद नाही. फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. शंका राहिली तर तीन महिन्यांनी तीच जागा पाहा. नवा केस ३ सेंटीमीटर पुढे गेलेला असेल, खंगलेला तिथेच असेल किंवा गळून गेलेला असेल.

याची एक घरगुती चाचणी आहे आणि ती या यंत्रांपेक्षा जुनी व जास्त भरवशाची आहे. पाच दिवस डोकं धुऊ नका. मग बेसिनच्या जाळीवर मलमलचा तुकडा ठेवून शाम्पूने धुवा आणि जमलेले सगळे केस वाळवून मोजा. मुळाची गाठ असलेल्या केसांपैकी ३ सेंटीमीटरपेक्षा आखूड, बारीक, निमुळत्या टोकाचे केस दहात एकाहून जास्त असतील तर मूळ बारीक होत असल्याचा संशय बळावतो.

आणखी दोन ठिकाणी नवे केस समजून फसगत होते. वर्षानुवर्षं घट्ट वेणी किंवा अंबाडा घालणाऱ्यांच्या कपाळाची केसांची कड मागे सरकते आणि पुढे मऊ, आखूड केसांची एक झालर उरते. ती नव्याने उगवलेली नसते. ते केस इतके आखूड असतात की वेणीच्या ओढीत सापडले नाहीत, म्हणून वाचले. तिच्यामागचा पट्टा विरळ आहे का, ते पाहावं. तिथे ओढ लगेच थांबवली तर केस परत येण्याची आशा असते, फार वर्षं झाली तर मुळंच जातात.

दुसरं ठिकाण म्हणजे चाई. गोल, गुळगुळीत चट्ट्याच्या कडेला ३-४ मिलिमीटरचे खुंट दिसतात, वर जाड आणि मुळाशी बारीक. म्हणजे नव्या केसाच्या नेमकं उलट. ते तुटलेले आहेत, पण कंगव्याने नव्हे, आजाराने. बरं होताना तिथे पहिल्यांदा येणारे केस पांढरे असू शकतात, त्याने घाबरू नये. लहान मुलांच्या डोक्यावर पापुद्र्याचा चट्टा आणि त्यात काळे ठिपके किंवा वळलेले खुंट दिसले तर ते डोक्याच्या नायट्याचं लक्षण असू शकतं. भिंग बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. त्याला पोटातून औषध लागतं, नुसत्या मलमाने तो जात नाही. तोवर त्या मुलाचा कंगवा आणि टॉवेल वेगळा ठेवा.

सलूनमधली मोफत तपासणी

यंत्र जवळपास तेच असतं, भिंग बदलून ५० आणि २०० पट करता येणारं. चित्र मोठ्या पडद्यावर येतं आणि सोबत टक्के: ‘मुळं ४० टक्के कमजोर’, ‘घनता ६२’. हे टक्के कशावरून काढले ते विचारलं तर उत्तर मिळत नाही, आणि दोन मिनिटांनी बोटभर अंतरावर पुन्हा लावलं तर आकडा बदलतो. मूळ अडचण मात्र वेगळीच आहे. तपासणारे फक्त टाळू आणि मूळ पाहतात. टोक पाहतच नाहीत. तुटण्याचा प्रश्न घेऊन गेलेल्या माणसाला मुळाशी अडकलेली तेलाची किंवा कोंड्याची पापडी दाखवली जाते, जी बहुतेकांच्या डोक्यावर असते, आणि तिच्यावर उपचाराचं पॅकेज सांगितलं जातं.

तरीही ही तपासणी टाकाऊ नाही. कॅमेरा चांगला असतो, हात सरावलेला असतो आणि भोवऱ्याचा फोटो स्वतःला काढता येत नाही. त्यांना आखूड केस कार्डावर घेऊन टोक दाखवायला सांगा. मानेवरच्या केसांचाही फोटो घ्यायला लावा. सगळे फोटो लगेच तुमच्या फोनवर मागून घ्या. दुसऱ्या खेपेला ‘सुधारणा’ दाखवतील तेव्हा जागा, उजेड आणि केस धुतलेले असणं तिन्ही सारखं आहे का, ते तपासा. तेलकट केस गुच्छ करतात आणि टाळू उघडी दिसते. धुतलेले केस सुटे होतात आणि त्याच डोक्यावर दाटी वाटते. पैसे त्या दिवशी भरू नका.

मिनॉक्सिडिल हे केस उगवण्याचं औषध सुरू केलेल्यांसाठी एक खुलासा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते आणि नवी वाढ दिसायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सलूनने दाखवलेले ‘नवे केस’ औषधाचे नसतात, आणि त्या वेळची गळती पाहून औषध बंद करणंही चूक. डॉक्टरांच्या हातातला डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा तपासायचं दिव्याचं भिंग, १० पटच दाखवतो. फरक असा की त्यात चकाकी घालवणारा पोलरायझर असतो आणि पाहणाऱ्याला काय शोधायचं ते ठाऊक असतं. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या त्वचा विभागातही ही तपासणी होते.

घेताना

यूएसबी मायक्रोस्कोप शक्यतो दुकानात लावून पाहून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, तिथे दुकानदार लॅपटॉपला जोडून दाखवतात. जाताना मिलिमीटरची पट्टी आणि कागदावर टेपने चिकटवलेले दोन केस न्या, एक कापलेला आणि एक निमुळत्या टोकाचा. दुसऱ्यासाठी भुवईचा गळालेला केस चालतो, त्याला बहुधा कात्री लागलेली नसते. दोन्ही टोकं पडद्यावर वेगवेगळी दिसली पाहिजेत. चाक शेवटपर्यंत फिरवून दुसरा फोकस सापडतो का, चाक ढिलं आहे का आणि सगळे दिवे एकाच रंगाचे जळतात का, तेही पाहा. एखादा दिवा निळसर असला की रंगाची खूण वाचताना गोंधळ होतो. सोबत मिळणारा छोटा धातूचा स्टँड डळमळीत असतो. कागदावरच्या केसासाठी नळी दोन जाड पुस्तकांमध्ये आवळून उभी केली तर ती जास्त स्थिर राहते. ऑनलाइन मागवलात तर हीच पट्टी-केसाची परीक्षा परतीची मुदत संपायच्या आत घ्या.